६९५व्या जागेवरचं एक अक्षर

पत्र:

डॉक्टर मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माहेर अमळनेर तालुक्यात. आखाजीला माहेरी गेले तर घरात वेगळंच काही चाललेलं. भावाचा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा दोन दिवस त्याला शी झाली नाही, पोट फुगलं, धुळ्याला नेलं. आतड्याच्या शेवटच्या भागात नसाच नाहीत म्हणून ऑपरेशन झालं. हृदयात छिद्रही निघालं. अजून धरल्याशिवाय बसत नाही, एक शब्द बोलत नाही, पण दिवसभर हसतो. कान टोचायला नेलं तर सोनार म्हणाला, पाळी अशी कशी वर वळलेली, मध्ये खळगा पडलेला. मागच्या महिन्यात तापात झटका आला. आता रक्ताचा रिपोर्ट आलाय: "झेब-२ जनुक, एक्झॉन ८, सी.२०८३ सी>टी, अर्जिनाइन ६९५ टर्मिनेशन, हेटेरोझायगस, पॅथोजेनिक. मोवॅट-विल्सन सिंड्रोम." आईवडिलांच्या रक्तात हा बदल नाही असंही लिहिलंय. तरी आमची माय म्हणते, "तिना पोटमाच खोट शे." सातव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा भावजयीने भाजी चिरली, आणि कपाशीवर फवारणी चालू असताना ती डबा घेऊन शेतात जायची, म्हणून हे झालं म्हणे. भाऊ गप्प. तिला माहेरी पाठवायची भाषा चाललीय. एकाच जनुकामुळे आतडं, हृदय, मेंदू, सगळीकडे कसं बिघडेल? दुसरी प्रत चांगली आहे म्हणतात, मग ती काय करते? पुढच्या मुलाचं काय? (माझी मुलगी बारावीला आहे. तिच्या लग्नाला यामुळे अडचण येईल का?)

उत्तर:

ताई,

तारखांपासून सुरुवात करते, कारण मायच्या निम्म्या आरोपाचा निकाल तारखांवरच लागतो. आतड्यातल्या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत. गर्भाच्या पाठीच्या बाजूला, मानेजवळ त्या तयार होतात आणि तिथून अन्ननलिकेत शिरून खाली सरकत सरकत गुदद्वारापर्यंत जातात. गर्भ राहिल्यावर चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्या निघतात आणि सातव्याच्या आसपास पोचतात. तेव्हा बऱ्याच बायकांची सोनोग्राफीसुद्धा झालेली नसते. तुमच्या भाच्याच्या त्या पेशी शेवटच्या टप्प्यापर्यंत गेल्याच नाहीत, म्हणून तो भाग आवळलेला राहिला आणि पोट फुगलं. सातव्या महिन्यात ग्रहण लागलं तोवर या गोष्टीला चार-पाच महिने उलटून गेले होते. भाजी चिरली काय नि नाही चिरली काय.

फवारणीचं म्हणाल तर गरोदर बाईला औषधाच्या वासात पाठवू नये, हे खरंच. तिला डबा घेऊन कुणी पाठवलं, हे मी मायला विचारत बसत नाही. पण हा बदल फवारणीचा नाही, आणि तसं का म्हणते ते रिपोर्टच्या त्या एका ओळीतच आहे.

"सी.२०८३ सी>टी" म्हणजे या जनुकाच्या लिखाणात २०८३व्या जागी सी हे अक्षर हवं होतं, तिथे टी आलं. ही अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. इथला, म्हणजे ६९५वा, गट होता सीजीए, त्याचा अर्थ "अर्जिनाइन जोड". सीचा टी झाल्यावर गट झाला टीजीए, त्याचा अर्थ "थांब". आता गंमत अशी की सीच्या पुढे जी आलं की त्या सीवर आपल्या पेशी बहुधा एक छोटी रासायनिक खूण लावतात. अशी खूण असलेल्या सीमधून शरीरातल्या साध्या पाण्याच्या क्रियेने एक तुकडा गळतो आणि त्याचा थेट टी होतो. माणसाच्या डीएनएत सगळ्यात जास्त होणाऱ्या चुकांपैकी ही एक आहे. पेशी बहुतेक चुका दुरुस्त करते, एखादी निसटते. या आजाराच्या मुलांमध्ये सर्वांत जास्त वेळा सापडलेला एकटा बदल हाच, ६९५व्या जागेवरचा. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या घरांतली ती मुलं. त्यांच्या आयांनी कपाशीचं शेत पाहिलेलंही नसेल.

असे नवे एक-एक अक्षराचे बदल तुमच्यात, माझ्यात, मायमध्येही आहेत. प्रत्येक माणूस जन्माला येताना आईवडिलांकडे नसलेले साधारण साठ-सत्तर बदल घेऊन येतो. त्यातले बहुतेक काही न करणाऱ्या जागी पडतात. आणि एकूण हिशेब केला तर यातले जास्त बदल बापाच्या बाजूने येतात, कारण शुक्रपेशी बनवताना डीएनएची नक्कल आयुष्यभर पुन्हा पुन्हा होत राहते. हे मी भावाच्या माथी खापर फोडायला सांगत नाहीये. "तिना पोटमाच" या वाक्यातल्या शेवटच्या "च"ला शास्त्रात काही आधार नाही, एवढ्यासाठी सांगतेय.

आता तुमचा खरा प्रश्न. एक जनुक आणि इतके अवयव.

झेब-२ हे जनुक दुसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्याचं लिखाण दहा तुकड्यांत आहे, त्यांना एक्झॉन म्हणतात. पहिल्या तुकड्यातून प्रथिन बनत नाही, उरलेल्या नऊंतून बनतं, आणि त्यातला आठवा इतका मोठा आहे की निम्म्याहून जास्त मजकूर त्याच्यातच आहे. म्हणून बदलही तिथेच जास्त सापडतात. या जनुकापासून बनणारं प्रथिन १,२१४ अमिनो आम्लांचं. ते स्नायू बांधत नाही की साखर पचवत नाही. दुसऱ्या जनुकांच्या दाराशी जाऊन कोणाला चालू ठेवायचं, कोणाला गप्प करायचं, हे ते ठरवतं. अशा प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात.

हे काम ते कसं करतं हे त्याच्या बांधणीत दिसतं. प्रथिनाच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही बाजूंना जस्ताचा अणू धरून वळलेल्या घड्यांचा एकेक जुडगा आहे. पुढे चार, मागे तीन. त्यांना झिंक फिंगर म्हणतात. या घड्या डीएनएवरचा सीएसीसीटी असा ठरावीक मजकूर ओळखतात. बऱ्याच ठिकाणी असा मजकूर थोड्या अंतरावर दोनदा असतो, आणि प्रथिन एका जुडग्याने एक जागा, दुसऱ्याने दुसरी धरतं. दोन्हीकडून पकड बसली तरच ते घट्ट बसतं. अगदी पुढच्या टोकाला एक छोटा भाग आहे. त्याला धरून दुसऱ्या प्रथिनांचा ताफा येतो आणि त्या जागेचं जनुक मिटवून टाकतो. मधल्या पट्ट्यात बाहेरून येणारे वाढीचे निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांना धरायची जागा आहे. म्हणजे पेशीला बाहेरून काय सांगितलं जातंय आणि आत कुठली जनुकं मिटवायची, या दोन गोष्टी एकाच प्रथिनात जोडलेल्या आहेत. शेजारच्या पेशीला चिकटून राहायचं की सुटून निघायचं, हा निर्णय त्यांतला एक. चिकटून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक झेब-२ मिटवतं, आणि पेशी सुटी होऊन चालू लागते.

न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींना गर्भात नेमकं हेच करावं लागतं. मेंदू आणि मज्जारज्जू बनताना त्याच्या काठावरून या पेशी सुटतात आणि लांब लांब जातात. काही चेहऱ्याची हाडं आणि ऊती बनवतात, काही हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या वाटणीत भाग घेतात, काही आतड्याच्या नसा होतात. उंदरांमध्ये या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकल्या तेव्हा मानेजवळच्या या पेशी बनल्याच नाहीत, डोक्याकडच्या बनल्या पण अडकून बसल्या, आणि पिल्लं गर्भातच गेली. तुम्ही आतडं, हृदय, चेहरा अशी तीन वेगळी दुखणी मोजताय. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात ती सगळी एकाच काठावर होती.

सोनाराने जी पाळी पाहिली तीच आनुवंशिकी तज्ज्ञ आधी बघतात. १९९८ साली ऑस्ट्रेलियात डेव्हिड मोवॅट, मेरेडिथ विल्सन आणि सहकाऱ्यांनी सहा मुलांचं वर्णन केलं: डोकं लहान, विकास मंद, चेहरे एकमेकांसारखे, आणि पाच जणांच्या आतड्याच्या भागात नसा नाहीत. त्यांतल्या एकाच्या दुसऱ्या गुणसूत्राचा तुकडा गायब होता, त्यावरून पत्ता लागला. २००१मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी नेमकं जनुक शोधून काढलं. जन्मणाऱ्या साधारण ५० ते ७० हजार मुलांमागे एक, असा आजचा अंदाज आहे.

मेंदूतली गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे झेब-२ वेळापत्रकही सांभाळतं. मेंदूच्या वरच्या थरात आधी चेतापेशी बनतात, नंतर त्यांना आधार देणाऱ्या पेशी. हा बदल केव्हा करायचा, याचे निरोप नव्या चेतापेशींकडून मागच्या पेशींना जातात, आणि ते निरोप झेब-२च्या ताब्यात असतात. उंदरांत ते काढल्यावर पाळ्या वेळेआधीच बदलल्या. याशिवाय मेंदूच्या तळाशी जन्मून वरच्या थरात चालत जाणाऱ्या, बाकीच्यांना आवर घालणाऱ्या पेशी असतात. त्यांनाही वाट धरायला हे प्रथिन लागतं. आवर घालणारे कमी पडले की झटके येण्याची शक्यता वाढते. मेंदूचे दोन अर्ध जोडणारा जाड पट्टाही या मुलांत अनेकदा बारीक असतो किंवा नसतोच. भाच्याचा एमआरआय झाला असेल तर "कॉर्पस कॅलोसम" या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघा.

दुसरी प्रत काय करते? रिपोर्टातलं "हेटेरोझायगस" म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली. दुसरी चांगलीच आहे, आणि पूर्ण काम करतेय. बिघडलेल्या प्रतीवरून "थांब"पर्यंतचं अर्धं प्रथिन बनलंच असतं तर त्याला पुढची पकड असती, मागची नसती. पण तेवढंही सहसा बनत नाही. मध्येच "थांब" असलेला, जनुकावरून उतरवलेला निरोप पेशी ओळखते आणि फाडून टाकते. म्हणजे भाच्याच्या पेशींत प्रथिन आहे, पण निम्मं. दोन मोटारींच्या हिशेबाने लावलेल्या कपाशीला एकच मोटार चालली तर विहिरीजवळच्या ओळी तरतात आणि शेवटच्या ओळी करपतात. तसंच, ज्या पेशींना लांब जायचं होतं किंवा नेमक्या दिवशी भरपूर प्रथिन हवं होतं तिथे निम्म्याने भागलं नाही, यकृत-स्नायूंचं भागलं. काही मुलांत अख्खं जनुकच गळालेलं असतं आणि आजार हाच होतो, म्हणून हे मात्रेचं दुखणं आहे असं आपण खात्रीने म्हणतो. उलट मोजक्या मुलांत प्रथिन पूर्ण बनतं, फक्त मागच्या घड्यांमधलं एखादं अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि त्यांचा आजार सौम्य असतो. रिपोर्टात ६९५ ऐवजी तसा बदल असता तर मी आज वेगळं उत्तर लिहिलं असतं.

आता शास्त्र पुरे. घरी काय करायचं ते नीट वाचा, त्यात एक गोष्ट जिवावरची आहे.

ऑपरेशन झालेल्या मुलाला ताप, फुगलेलं पोट, घाण वासाची पिचकारीसारखी जुलाब, मूल मलूल, असं एकत्र दिसलं तर ती आतड्याची सूज असू शकते. घरगुती उपाय, मेडिकलवरचं जुलाब थांबवायचं औषध, काही नको. रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, शक्यतो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा. ऑपरेशननंतर महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही हे होऊ शकतं. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना असतंच, त्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध नियमित चालू ठेवा, बरं वाटलं म्हणून सोडू नका.

झटका पुन्हा येण्याची शक्यता बरीच आहे. या मुलांपैकी बहुतेकांना, साधारण पाचांपैकी चौघांना, झटक्यांचा त्रास होतो आणि सुरुवात बऱ्याचदा तापात होते. आला की कुशीवर वळवा, घड्याळ बघा, मोबाइलवर चित्रण करा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. चप्पल, कांदा, दातांत चमचा, यातलं काही नको. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखान्यात न्या. नाकात मारायचा मिडाझोलाम या झटका थांबवणाऱ्या औषधाचा फवारा मिळतो. तो लिहून द्या असं डॉक्टरांना म्हणा आणि कसा मारायचा ते तुमच्या मायलाही शिकवा. मूल दिवसभर तिच्याजवळच असणार. दोषाचं बोलणं थांबवायला तिच्या हातात काम देण्याइतका चांगला उपाय मला तरी दिसत नाही.

पोटाची सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या. मूत्रपिंडात पाणी साठणं, लघवी मागे फिरणं असं या मुलांत दिसतं. आणि सोनोग्राफी करणाऱ्यांना प्लीहा, म्हणजे पोटातला जंतूंशी लढणारा अवयव, नीट बघायला सांगा. काही मुलांत ती खूप लहान असते किंवा नसतेच, मग न्यूमोकॉकलसारख्या लसींत जराही ढिलाई चालत नाही. हृदयाचं छिद्र, डोळे आणि कान यांच्या तपासण्या तर आल्याच.

तुमच्या शाळेत मुलांना तपासायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, तीच टीम अंगणवाडीतही जाते. तिच्यामार्फत जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा. फिजिओथेरपी, बोलण्याचं, जेवण गिळण्याचं शिक्षण तिथे मिळतं. अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड काढा. त्यावर नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो, वर्षाला एक लाखापर्यंतचा.

तो चालेल का, बोलेल का? बरीच मुलं चालतात, पण उशिरा, सरासरी चार वर्षांच्या आसपास, आणि पाय फाकवून. बोलणं फार थोडं असतं, अनेकदा शब्दच नाही. मात्र त्यांना कळतं ते बोलण्यापेक्षा बरंच जास्त असतं. तुम्ही शिक्षिका आहात, चित्रांची कार्डं तुमच्याकडे पडून असतील. पाणी, भाकरी, शी, नको, ही चार आणि त्यांच्या चार खुणा आत्तापासून घरातल्या सगळ्यांनी वापरायच्या, तो हात करो न करो. खुणा शिकवल्या तर बोलायचा आळस करेल ही भीती काढून टाका. आणि त्याचं ते दिवसभर हसणं या आजाराचाच भाग आहे, तसं पुस्तकातही लिहिलेलं असतं. म्हणून ते हसू खोटं ठरत नाही.

पुढचं मूल. दोघांच्या रक्तात बदल नाही, त्यामुळे पुन्हा तसंच होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. शून्य म्हणत नाही, कारण कधीकधी बदल फक्त आईच्या बीजांडांच्या किंवा बापाच्या शुक्रपेशींच्या एका घोळक्यात असतो आणि रक्तात दिसत नाही. बदल नेमका माहीत असल्याने दिवस गेल्यावर अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना किंवा सोळाव्यानंतर गर्भजल तपासता येतं. नोंदणी झालेल्या केंद्रातच, आणि तिथे मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत. विचारायला कुणाला पाठवूही नका. त्याआधी भाऊ आणि भावजय दोघांनी मिळून आनुवंशिकी तज्ज्ञांना भेटावं. भावाने सोबत जायचंच. रिपोर्टवर दोघांची नावं आहेत, मग उत्तर एकटीने का ऐकायचं? तिला माहेरी पाठवलं तर पोराला झटका आल्यावर कुशीवर वळवणारं सगळ्यात जाणतं माणूसच घरात उरणार नाही, हेही त्याला सांगा. गप्प राहणंही मायची बाजू घेणंच होतं.

आणि कंसात विचारलंत ते. हा बदल तुमच्या भावाच्या रक्तात नाही, म्हणजे तो तुमच्या घराण्यातून आलेला नाही आणि तुमच्याकडे गेलेलाही नाही. तुमच्या मुलीला, तिच्या पुढच्या मुलांना, या आजाराचा धोका गावातल्या कुठल्याही मुलीइतकाच. तिला या जनुकाची चाचणी करायची गरज नाही. स्थळाकडच्यांनी विचारलं तर रिपोर्टचं आईवडिलांच्या तपासणीचं पान दाखवता येईल, पण ते पान भाऊ-भावजयीच्या मालकीचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय काढू नका.